जुन्या पिकअपची कमान उचलून घेताय? आधी हे वाचा

माझी बोलेरो पिकअप 2011 ची, मागच्या कमानीचे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगचे) पाटे पार बसलेले. कांदा भरला की स्टेपनी बांधाला घासायची. म्हणून गाडी तीन इंच उचलून घ्यायला हायवेवरच्या एका कमानवाल्याकडे नेली. दोन्ही बाजूंना दोन-दोन नवे पाटे 9,600, यू-बोल्ट 1,400, बुश 1,200, मजुरी 2,500. एकूण 14,700 रुपये, सगळे रोख. बिलाच्या जागी वहीचं फाटकं पान.

गाडी ताब्यात घेताना मी जुने बोल्ट-बुश मागितले. "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला," म्हणाला. अहो, बोल्ट दुपारी खोलले आणि भंगारवाला सकाळी घेऊन गेला! तिथेच त्याला धरायला हवं होतं. पण घरी कांदा भरायचा होता, दुसऱ्या दिवशी लासलगाव गाठायचं होतं, आणि गाडी समोर उंच उभी दिसत होती. अशा वेळी कोण खाली झोपून पाटे मोजत बसतो?

पन्नासच्या वर वेग गेला की खालून थरथर. फोन केला तर म्हणे, "नवे पाटे आहेत, बसायला वेळ लागतो." हे साफ खोटं. पाटे बसताना आवाज करतील, मागच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट थरथरत नाही.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने गाडी खोलली. वरच्या पाट्यावर अंगठा घासला तर काळा रंग निघाला आणि खाली गंजाचे खड्डे. नवा पाटा एकही नाही. उंची आली होती ती ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये कोंबलेल्या, लोखंडी चॅनेलचे तुकडे वेल्डिंग करून केलेल्या ठोकळ्यांमुळे. शाफ्टचा कोन बिघडला, त्याचा सांधा म्हणजे क्रॉस खाल्ला. एका बाजूचं वेल्डिंग तडकलेलं होतं. भरल्या गाडीत ते सुटलं असतं तर? दुरुस्तीचे वेगळे 8,300 गेले.

चौकीत गेलो. "व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा." फसवून पैसे काढणं दखलपात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) आहे, असं म्हटलं तर साहेब मोबाईलमध्ये बघत राहिले. अर्जाची पोच मागितली तर "उद्या या." उद्या गेलो तर साहेब बंदोबस्तावर. आरटीओत तर कहरच! गाडीत बदल केला म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवून दंड मलाच होईल, असं बजावलं. लुबाडणारा मोकळा आणि धमकी मला! मग कर कशाचा भरतो आपण?

जुने पार्ट गाडीसमोर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. पाटे बसवायच्या आधी हातात घेऊन बघा, रंग खरवडा. ठोकळा घालून उंची देतो म्हणाला तर गाडी उचला आणि निघा. पक्क्या बिलाशिवाय रोख तर मुळीच नको. आणि आहेत त्याच पाट्यांना बाक देऊन काम भागतं का, हे आधी दोन ठिकाणी विचारा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. ते ठोकळे आणि वहीचं पान जपून ठेवलं आहे. त्या पट्ट्यात आणखी कुणाच्या गाडीखाली असे ठोकळे निघाले असतील तर फोटो काढून ठेवा, फेकू नका.