टीएसए कुलूप की साधं कुलूप? विमान आणि क्रूझसाठी वेगवेगळा हिशेब

मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांसाठी बॅगा घ्यायला गेलात की दुकानदार कुलपावरच्या छोट्या लाल खुणेवर बोट ठेवतो. "टीएसए आहे. एकदम सेफ." यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसऱ्यावर मात्र थोडं बोलायला हवं. हे कुलूप चोराला अडवण्यासाठी बनलेलंच नाही. तपासणाऱ्या माणसाला ते न तोडता उघडता यावं, एवढ्यासाठीच ते आहे.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, नोव्हेंबर २००१मध्ये अमेरिकेत टीएसए ही वाहतूक सुरक्षा यंत्रणा उभी राहिली. पाठोपाठ विमानाच्या पोटात जाणारी प्रत्येक बॅग तपासण्याची सक्ती आली. यंत्राच्या पडद्यावर काही संशयास्पद दिसलं की बॅग हाताने उघडायची. प्रवासी तोवर गेटवर कॉफी पीत बसलेला असतो, त्याला कोण शोधत बसणार? मग कुलूप कापायचं. ही कापाकापी टाळायला २००३मध्ये मास्टर किल्लीने उघडणारी कुलपं बाजारात आली. 'ट्रॅव्हल सेंट्री'च्या कुलपावर लाल हिऱ्याची खूण असते, 'सेफ स्काइज'च्या कुलपावर मशालीची. किल्लीच्या भोकाशेजारी टीएसए ००२ किंवा ००७ असा आकडा असतो. कोणती मास्टर किल्ली लावायची हे तपासनिसाला त्यावरून कळतं. दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न, "आकड्यांचं कुलूप आहे, भोकही आहे, मग याची किल्ली कुठाय?" ती तुमच्यासाठी नसतेच. तुमच्यासाठी फक्त आकडे.

आता साधं कुलूप आणि हे कुलूप शेजारी ठेवून पाहू.

साधं पितळी कुलूप स्वस्त, घरात पडलेलं असतंच, आणि त्याची किल्ली फक्त तुमच्याकडे. पण अमेरिकेतल्या विमानतळावर बॅग उघडायची वेळ आली तर ते कापलं जातं आणि त्याची भरपाई टीएसए देत नाही. कुलूप गेल्याचं फार दुःख नाही, पण कापताना चेनचा खटका तुटला तर पुढचा सगळा प्रवास बॅगेला नाडी बांधून करावा लागतो. टीएसए कुलूप असेल तर ते किल्लीने उघडतात, तपासतात, आत तपासणी झाल्याची छापील चिठ्ठी ठेवतात आणि पुन्हा लावतात. निदान अपेक्षा तशी असते. घाईत कुलूप लावायचं राहून जातं, आणि कधी टीएसए कुलूपही कापलं जातं. ते लावलं म्हणजे हमी मिळाली, असं नाही.

पण हा फायदा नेमका कुठे मिळतो, हे फार कमी लोक तपासतात. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला निघालात, तर जाताना तुमची बॅग तपासली जाते ती मुंबईत. तिकडे उतरल्यावर कस्टमवाल्यांनी लोणच्याची बरणी बघायला बॅग उघडायला सांगितली, तर तुम्ही समोर उभे असता आणि कुलूप स्वतःच उघडता. म्हणजे जाताना टीएसए कुलपाचा उपयोग जवळपास शून्य. उपयोग येतो परतीला, कारण तेव्हा बॅग अमेरिकेतून निघते. किंवा अमेरिकेत उतरून पुढे देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते आणि सहसा तिथे ती टीएसएच्या तपासणीतून जाते. दुबईला किंवा लंडनला चाललेल्या माणसाने केवळ 'टीएसए' या तीन अक्षरांसाठी जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही. कॅनडा, जपानसारख्या काही देशांतही ही किल्लीपद्धत मान्य आहे, पण म्हणून जगभर सगळीकडे किल्ल्यांचा जुडगा तयार ठेवलेला असतो असं नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर बॅग पट्ट्यावरून आत जाते, यंत्र बघतं, आणि काही अडलं तर तुमच्या नावाचा पुकारा होतो. अडण्याची कारणंही ठरलेली असतात: पॉवर बँक, लायटर, आणि आपल्या लोकांचं लाडकं सुकं खोबरं. खोबऱ्यात तेल भरपूर. ढिगात ते आपोआप तापू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते चक्क धोकादायक मालात मोडतं. इथे कुलूप कोणतं आहे याला फारसं महत्त्व नाही. पुकारा ऐकू येणं आणि किल्ली जवळ असणं महत्त्वाचं. किल्लीचं कुलूप असेल तर किल्ली खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवा. ती चेक-इन बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवणारे महाभाग आमच्या घरात आहेत, म्हणून सांगते.

चोरीचं काय? इथे दोन्ही कुलपं सारखीच लंगडी. एकदा घरी जुन्या कापडी बॅगेवर मी साधं बॉलपेन घेऊन प्रयोग केला. पेनचं टोक चेनच्या दातांत खुपसलं की चेन फाकते, हात आत जातो, आणि मग कुलूप लावलेले दोन्ही खटके एकत्रच पुढे-मागे सरकवले की चेन पुन्हा बंद. कुलूप जागच्या जागी, जणू काही घडलंच नाही. मला पहिल्याच प्रयत्नात जमलं. माझे हात काही तरबेज नाहीत. त्यात टीएसएच्या मास्टर किल्ल्याही गुपित राहिलेल्या नाहीत. २०१४मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये जुडग्याचा फोटो छापून आला आणि २०१५मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवायचे आराखडे इंटरनेटवर फिरू लागले. त्यामुळे शुद्ध सुरक्षेच्या मापाने साधं चांगलं कुलूप टीएसएपेक्षा एक पायरी वर म्हणावं लागेल. पण चेनच पेनाने उघडत असेल तर त्या पायरीचं करायचं काय?

खरा फरक पडतो तो बॅगेमुळे. चेन नसलेली, कडेला धातूची चौकट आणि खिट्ट्या असलेली कडक बॅग पेनाला दाद देत नाही. तिची कुलपं बॅगेतच बसवलेली असतात, बाहेर लोंबकळत नाहीत, पट्ट्यात अडकून तुटत नाहीत. मात्र ती जड असते, आणि २३ किलोंच्या मर्यादेत बॅगेचं स्वतःचं वजनही मोजलं जातं. भाजणी आणि मेतकूट न्यायचं असेल तर हा विचार करावा लागतो. कापडीच बॅग घ्यायची असेल तर जाड कडीच्या कुलपापेक्षा लवचिक तारेचं घ्या. दोन्ही खटक्यांतून ते सहज जातं आणि आदळआपटीत वाकतं, तुटत नाही. काही टीएसए कुलपांवर छोटी खिडकी असते. मास्टर किल्लीने उघडलं की तिथे लाल ठिपका दिसतो आणि तुम्ही आकडे जुळवून उघडेपर्यंत तो जात नाही. माझ्या मते जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते या ठिपक्यासाठी द्यावेत.

तिसरा पर्याय इलेक्ट्रिशियनकडे मिळणारी प्लास्टिकची पट्टी, म्हणजे केबल टाय. अगदी किरकोळ खर्च. चालता चालता चेन उघडणार नाही, आणि कोणी पट्टी कापून बॅग उघडली तर ते लगेच दिसतं. उतरल्यावर कापायला नेलकटर लागतो, तेवढा वरच्या पिशवीत असू द्या. भडक रंगाची पट्टी घेतलीत तर बॅग ओळखूही येते.

क्रूझवर मात्र हे सगळं गणित बदलतं. मुलं आईबाबांना मायामीहून कॅरिबियनला किंवा सिएटलहून अलास्काला नेतात, तेव्हा बंदरावर बॅगा हमालांकडे द्याव्या लागतात. त्या यंत्रातून जातात आणि काही तासांनी केबिनच्या दाराशी येऊन पडतात. ही तपासणी टीएसए करत नाही. ती बंदराची आणि जहाज कंपनीची सुरक्षा माणसं करतात, आणि टीएसएची मास्टर किल्ली त्यांच्याकडे असेल असं धरून चालू नये. इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, चहाची किटली, दारूची बाटली असं काही दिसलं की बॅग बाजूला ठेवली जाते आणि तुम्हाला बोलावून उघडायला लावतात. घरचं शिजवलेलं खाणंही बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. मुंबई-गोवा क्रूझला निघणाऱ्यांनीही डबा भरण्याआधी तिकिटावरच्या अटी वाचाव्यात.

म्हणजे क्रूझसाठी टीएसए कुलूप वाईट नाही, पण त्याचा खास असा फायदाही नाही. कुलूप कामाला येतं ते शेवटच्या रात्री. त्या रात्री रंगीत टॅग लावून बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या काही तास मार्गिकेत तशाच उभ्या असतात. येणारा-जाणारा सहज हात घालू नये, एवढ्यापुरतं कोणतंही कुलूप चालेल. सगळे कपडे भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी उतरायला अंगावरच्या नाइट ड्रेसशिवाय काहीच उरलं नाही, ही फजिती मात्र कोणतंच कुलूप टाळू शकत नाही. सकाळचा जोड बाजूला काढा, आणि औषधं व पासपोर्ट कधीच त्या बॅगेत ठेवू नका.

तर निवड कशी करायची? अमेरिकेतून परतीचा प्रवास असेल किंवा तिथे देशांतर्गत विमान बदलायचं असेल, तर टीएसए कुलूप घ्या, शक्यतो लाल ठिपक्याचं. फक्त भारतात किंवा आखातात फिरायचं असेल तर आहे ते कुलूप पुरे. क्रूझला केबल टायही भागवते. कडक चौकटीच्या बॅगेत कुलूप आलंच असेल तर वेगळं घेऊ नका.

दागिने, रोकड, लॅपटॉप यांचा प्रश्न यात येतच नाही. ते चेक-इन बॅगेत ठेवायचेच नाहीत, कारण बहुतेक विमान कंपन्या आपल्या अटींतच अशा वस्तूंची जबाबदारी नाकारतात. आणि बॅग फाटलेली किंवा उघडलेली दिसली तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी नोंद करा, फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. घरी जाऊन जेट लॅग उतरेपर्यंत त्यातले तीन-चार दिवस गेलेले असतात.

नवं कुलूप आणलंत तर आकडा लावताना बॅग उघडी ठेवा आणि दोनदा लावून-काढून पाहा. तीन चाकांवर एकूण १००० जोड्या होतात. एकेक करून ०००पासून जायचं म्हटलं तर पाऊण तास लागतो. आमच्याकडे तो पाऊण तास काकांनी हॉटेलच्या खोलीत घालवला. आकडा निघाला ८१७, त्यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर.