तीन रकाने खरे, चौथा खोटा : गेमच्या नावाखाली गेलेले 6,007 रुपये

संगणकावरचे गेम 'अधिकृत भावाच्या निम्म्याहून कमी' किमतीत देतो असे सांगणाऱ्या एका विक्रेत्याने माझे 6,007 रुपये लाटले आहेत. गेम खेळणाऱ्या गोवेकरांच्या एका गटात तो अजूनही बिनदिक्कत वावरत असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे. असे सौदे कसे चालतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. मलाही ठाऊक होते, आणि जास्त संताप त्याचाच येतो.

त्याचे आमिष म्हणजे एक तुलनात्मक तक्ता होता. त्यात स्टीम, एपिक आणि जीओजी या गेम विकणाऱ्या अधिकृत ऑनलाइन दुकानांचे तीन रकाने होते आणि त्यांतील माहिती मी पडताळली तेव्हा अचूक निघाली : खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यास स्टीम पैसे परत करते, जीओजी 30 दिवसांची मुदत देते आणि इन्स्टॉलर (गेम संगणकावर बसवण्याची फाइल) उतरवून स्वतःजवळ ठेवू देते, स्टीम गेम बनवणाऱ्यांकडून साधारण 30 टक्के घेते, तर एपिक जास्तीत जास्त 12 टक्के घेते. चौथा रकाना त्याच्या स्वतःच्या दुकानाचा होता. स्टीमवर 3,999 रुपयांना असलेला गेम तिथे 1,449 रुपयांना होता. 'मधली 30 टक्के दलाली वाचते, म्हणून परवडते,' हे त्याचे स्पष्टीकरण. 3,999 मधून 30 टक्के वजा केल्यावर सुमारे 2,799 उरतात, 1,449 नव्हे, हा हिशेब शाळकरी मुलगाही करील. पण तीन रकाने खरे निघाल्यावर चौथ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, आणि ते तीन रकाने इतक्या काळजीने भरण्यामागे त्याचा हेतू तोच होता.

मी थेट मोठी रक्कम दिली नव्हती, हेही नमूद करतो. आधी 349 रुपयांचा एक जुना गेम घेतला. त्याची 'की', म्हणजे गेम खात्यात जोडणारा सांकेतिक क्रमांक, स्टीमवर टाकताच तो माझ्या लायब्ररीत (खात्यातील गेमच्या यादीत) आला. मग एक प्रत मला आणि एक म्हापशाच्या भाच्याला, असे त्या नव्या गेमचे 2,898 रुपये पाठवले. या वेळी दोन्ही की चालेनात. विक्रेता स्वतःला मडगावचा म्हणवत असे आणि कोंकणीत बोलत असे. 'भिवपाची गरज ना,' असे म्हणून त्याने या की दुसऱ्या देशाच्या असल्याचे आणि रिजन लॉक, म्हणजे की ठरावीक देशातच चालू देणारे बंधन, काढण्यासाठी 1,500 रुपये अनामत लागत असल्याचे सांगितले. अनामत त्याच दिवशी परत मिळणार होती. भाच्याला शब्द दिलेला होता आणि 2,898 अडकले होते. अशा वेळी माणूस 1,500 देतोच.

त्यानंतरचा एक क्षण मात्र अजून डोक्यातून जात नाही. 'अ‍ॅक्टिव्हेशनसाठी' त्याने एका क्यूआर कोडचे चित्र पाठवले आणि स्टीमच्या मोबाइल अ‍ॅपमधून ताबडतोब स्कॅन करा, कोड सारखा बदलतो, अशी घाई लावली. तो कोड कुठल्याही गेमचा नव्हता. स्टीमच्या लॉगिन पानावर दिसणारा, स्कॅन करणाऱ्याच्या खात्यात समोरच्या संगणकाला प्रवेश देणारा कोड होता तो. अ‍ॅपने मला रीतसर विचारलेही, की हा प्रवेश तुम्हीच करत आहात का, आणि ठिकाण दाखवले ते गोव्याबाहेरचे. पण फोंड्यातल्या माझ्या जोडणीचे ठिकाण एरवीही कधी मुंबई तर कधी बंगळूर दिसते. त्यावरून कोणाला शंका यावी? शिवाय मासळीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत दिवसभर आपण कोड स्कॅन करतो, आणि पैसे जायचे असतील तर पिन विचारला जातो, ही सवय हाडीमाशी खिळली आहे. इथे पिन विचारला गेला नाही, म्हणून मी निर्धास्तपणे होकाराचे बटण दाबले. खात्यातील पाकिटात 1,260 रुपये होते. मी सर्व उपकरणांचा प्रवेश रद्द करेपर्यंत ते संपले होते. दुसऱ्याने पाठवलेला लॉगिनचा कोड कोणत्याही कारणाने स्कॅन करू नका.

पुढे तो 349 रुपयांचा गेमही लायब्ररीतून काढून घेण्यात आला. चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या की अशा बाजारात विकल्या जातात. कार्डाच्या मालकाने तक्रार करताच व्यवहार उलटतो आणि की रद्द होते. बाहेर घेतलेल्या कीचे पैसे परत करण्याची जबाबदारी स्टीमवर नसते, त्यामुळे तो 14 दिवसांचा नियम इथे कामाचा नाही. भावच पाहायचे असतील तर 'इज देअर एनी डील' हे संकेतस्थळ पाहा. तिथे अधिकृत दुकानांचे भाव असतात. लॉगिन आणि पासवर्डसकट आयते खाते विकणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका; खात्याची विक्री स्टीमच्या करारातच निषिद्ध आहे.

आता आपल्या यंत्रणांविषयी. बँकेने 'व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केला आहे' या एका वाक्यात माझी बोळवण केली. पोलीस ठाण्यात 'वस्तू कोणती गेली?' असा प्रश्न आला. की म्हणजे काय हे समजावताना मला जणू मीच काही लपवत असल्यासारखे बोलावे लागले आणि शेजारच्या टेबलावरून 'या वयात गेम?' असा शेरा आला. तिथून सायबर विभागाकडे जा म्हणाले, तिथे रक्कम ऐकून चेहऱ्यावरचा रसच गेला. मराठीत लिहून नेलेला अर्ज इंग्रजीत करून आणा, असेही सांगण्यात आले. 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात सरकारी कामासाठी मराठी वापरण्याची मुभा आहे, हे मी तिथल्या तिथे सांगितले. उत्तर मिळाले नाही आणि अर्जही घेतला गेला नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विक्रेत्याच्या दुकानाचा पत्ता मागितला. तो असता तर मी आधी तिथेच गेलो नसतो का? लाखांची फसवणूक झाली तरच दखल घ्यायची असेल, तर तशी पाटी तरी लावावी.

फसवणूक लक्षात येताच 1930 या क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच असते. बँकेची शाखा उघडण्याची वाट पाहू नका. संभाषण पुसण्याआधी त्याची चित्रे काढून ठेवा, कारण आमच्या विक्रेत्याने आपल्या बाजूचे सगळे संदेश मिटवले. गोव्यात याच पद्धतीने आणखी कोणाचे पैसे गेले असतील, तर रक्कम 349 असली तरी यूपीआय व्यवहाराच्या क्रमांकासह स्वतंत्र तक्रार नोंदवा आणि पैसे कोणत्या यूपीआय आयडीवर गेले ते त्यात ठळक लिहा. एकाच आयडीविरुद्ध बऱ्याच तक्रारी साचल्या, तर पुढच्या वेळी मला रकमेचे कारण सांगून परत पाठवता येणार नाही.