बीगलचं लाकडी किट : सांगाडा सुरेख, दोर टाकाऊ

एचएमएस बीगलचं १:६४ मापाचं लाकडी किट घेऊन आता बरेच महिने झाले. सांगाडा, फळ्या, तांबं, डोलकाठ्या सगळं पार पडलंय आणि दोरकामही संपत आलंय, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. खोका उघडल्या उघडल्या लिहिलेली परीक्षणं पुष्कळ सापडतात. बहुतेकांत लाकूड किती छान, लेझर कटिंग किती स्वच्छ एवढंच असतं. अशा किटची खरी परीक्षा दोर बांधायला बसल्यावर होते, आणि तिथवर पोचलेले लोक फार लिहीत नाहीत.

बीगलच का घेतलं, ते आधी. डार्विन १८३१ ते १८३६ या काळात ज्यावरून फिरला ते हे जहाज, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मॉडेल करणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. १८२० साली पाण्यात उतरलं तेव्हा ते दोन डोलकाठ्यांचं ब्रिग होतं. १८२५ मध्ये मागे तिसरी डोलकाठी बसवून त्याचं बार्क केलं. या तिसऱ्या काठीवर चौकोनी शिडं नसतात. म्हणजे दोन काठ्यांवर सगळे प्रकार शिकायला मिळतात आणि तिसरी काठी थोडक्यात आटपते. मूळ जहाज सुमारे २७.५ मीटर लांब, त्यामुळे मॉडेलचा सांगाडा साधारण ४३ सेंटीमीटरचा होतो. टेबलावर आरामात मावतो. पहिल्याच फटक्यात व्हिक्टरीसारखं शंभरावर तोफांचं जहाज विकत घेणाऱ्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं, पण त्यातली किती पूर्ण होतात कोण जाणे.

सांगाड्याबद्दल तक्रार नाही. प्लायवुडच्या आडव्या फासळ्या खाचांत घट्ट बसतात, कणा सरळ आहे, वाकलेला तुकडा एकही निघाला नाही. पहिला थर लाइमवुडच्या पट्ट्यांचा, वरचा पातळ थर अक्रोडाचा. नाळेकडे पट्ट्या निमुळत्या करण्याबद्दल पुस्तिकेत एकच वाक्य आहे, ते मात्र फारच त्रोटक. सांगाड्याचा घेर मधोमध जेवढा असतो तेवढा नाळेपाशी नसतो, आणि पट्ट्या तर दोन्हीकडे तेवढ्याच. म्हणून प्रत्येक फासळीवर घेर मोजून, त्याला पट्ट्यांच्या संख्येने भागून, त्या ठिकाणची रुंदी आधीच आखून घ्यावी लागते. हे केलं की पट्ट्या आपोआप वळणावर बसत जातात.

सांगाड्याच्या तळावर लावायच्या तांब्याच्या पत्र्यांचं माप बरोबर आहे. खरा पत्रा ४ फूट बाय १४ इंचाचा असायचा, म्हणजे या मापात १९ बाय साडेपाच मिलिमीटर. त्यावर खिळ्यांची डोकी मात्र अंगावर पुळ्या उठल्यासारखी फुगवून ठेवली आहेत. खऱ्या जहाजावर ते खिळे पत्र्याच्या सपाटीत ठोकलेले असत. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्यावर बरंच सुधारतं.

आता दोर.

किटमध्ये तीन जाडीचा सुती धागा येतो: काळा आणि बदामी. त्यावर इतकं लव असतं की भिंगाखाली सुरवंट दिसतो. मेण लावून, ज्योतीवरून झरकन फिरवून लव कमी होते, पण हवेतला ओलावा बदलला की हाच दोर कधी ताणतो, कधी सैल पडतो. माझे पुढच्या डोलकाठीचे स्टे, म्हणजे काठीला पुढून धरून ठेवणारे दोर, ताणून बसवल्यावर काही आठवड्यांत झोपाळ्यासारखे लोंबले. ते कापून पॉलिएस्टरच्या दोराने परत बांधले, तेव्हापासून जागचे हललेले नाहीत.

लव हा त्यातला लहान दोष. मोठा दोष जाडीचा आहे. त्या काळी जहाजावरचा दोर घेरावरून मोजत, व्यासावरून नाही. सहा इंची दोर म्हणजे सहा इंच घेर असलेला. त्याचा व्यास साधारण ४८ मिलिमीटर, आणि १:६४ मध्ये तो पाऊण मिलिमीटरचा होतो. किटमध्ये अर्धा मिलिमीटर आहे, एक मिलिमीटर आहे, मधलं काहीच नाही. मुख्य स्टे सर्वांत जाड, श्राउड (काठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर) त्याहून बारीक, वरच्या काठ्यांचे आणखी बारीक, अशी उतरंड दिसली तरच जहाज मोठं वाटतं. सगळीकडे एकाच जाडीचा दोर लावला की ते खेळणं दिसतं, मग फळ्या कितीही सुबक असोत.

म्हणून दोर वळायचं छोटं यंत्र घेतलं. तीन पदर एका दिशेला पिळायचे, मग ते एकत्र सोडले की उलट दिशेने एकमेकांवर गुंडाळतात. हे दोन पीळ परस्परांना धरून ठेवतात म्हणून दोर सुटत नाही. पॉलिएस्टरच्या शिवणधाग्याचे पदर कमीजास्त करून हवी ती जाडी निघते. वळल्यावर दोर बराच आखूड होतो, तेव्हा धागा हात सैल ठेवून घ्यायचा. खर्चाच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे किटची छुपी किंमत आहे, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते. रंगाचंही तेच. जागेवर पक्के राहणारे दोर डांबर लावलेले असत, म्हणून गडद तपकिरी धागा काळ्याकुट्टपेक्षा खरा वाटतो. ओढायचे-सोडायचे दोर फिकट.

श्राउड बांधायला बसलात तर क्रम पाळा: उजव्या बाजूची सगळ्यात पुढची जोडी, मग डाव्या बाजूची, अशी आळीपाळीने. तसं केलं तर माथ्यावर फासे नीट एकावर एक बसतात आणि डोलकाठी एका अंगाला खेचली जात नाही. खालच्या टोकाला तीन भोकांचे डेडआय, म्हणजे श्राउड ताणायच्या गोल लाकडी चकत्या. वरचे सगळे एका रेषेत यावेत म्हणून पितळी तारेचा इंग्रजी यू वाकवायचा, एक टोक खालच्या डेडआयच्या भोकात, दुसरं वरच्या. अंतर तारेनेच ठरतं. पुस्तिकेत ही साधी युक्तीही नाही. रॅटलाइन, म्हणजे खलाशांनी वर चढायच्या आडव्या पायऱ्या, या मापात पाच-सहा मिलिमीटरवर येतात. मागे रेघा आखलेला कागद लावून मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिचची गाठ मारत जायचं. जरा जास्त ओढलं की बाहेरचे दोन श्राउड आत येतात आणि शिडीला कंबर फुटते. कामाला वेळ भरपूर लागतो, पण मला यातच सगळ्यात जास्त मजा आली.

कप्प्यांवर किटने पैसे वाचवलेत. कोपरे चौकोनी, खाच उथळ, भोक कधी मधोमध तर कधी कडेला. कप्पीचं भोक जिकडे ती बांधलेली असते त्या टोकाजवळ असायला हवं, कारण दोर आतल्या चाकावरून तिकडूनच वळतो. उलटी बांधलेली कप्पी जाणकाराला लांबून दिसते. मी निम्म्याअधिक कप्प्या बदलल्या.

दोर बांधायच्या खुंट्यांच्या आराखड्यात दोन वेगळ्या दोरांना एकच क्रमांक दिलाय. दोराचं काम काय हे कळलं की त्याची खुंटी आपण शोधू शकतो: शिडाचा खालचा कोपरा वर खेचणारा दोर कुठून खाली येईल ते काठीकडे पाहून समजतं. खुंट्यांची पट्टी नुसती चिकटवायला सांगितली आहे, ते मात्र ऐकू नका. खालून पितळी तारेचे खिळे घाला. दोर ताणायला लागलं की नुसता गोंद उपटून येतो.

शिडं मी लावली नाहीत. किटमधल्या कापडावर मशीनची शिलाई आहे. दोन मिलिमीटरचा टाका म्हणजे खऱ्या जहाजावर १३ सेंटीमीटरचा. आराखड्यात मात्र शिडं नसतानाही वरचे यार्ड, म्हणजे शिडं टांगायच्या आडव्या काठ्या, उंच चढवलेले दाखवलेत. शिडं उतरवलेल्या जहाजावर ते खाली आणून ठेवत, तसे ठेवले की बांधणी पटते.

दोरकामात नवखे असाल तर हे किट घ्यायला मी नाही म्हणणार नाही, पण धागा आणि कप्प्यांचा खर्च आधीच धरून घ्या. शिसं मिसळलेल्या ओतीव तोफा आणि नांगर येतात, तेही बघून घ्या. बंद पेटीत ओक लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. त्यामुळे पेटी काचेची करणार असाल तर तळाला ओक नको, आणि मागच्या बाजूला हवेला बारीक भोकं ठेवा. माझ्या तोफा पितळी आहेत, वेगळ्या मागवलेल्या.