आई-बाबांना प्राग दाखवायचं की व्हिएन्ना?

आई-बाबा भारतातून येतात, झोपेचं चक्र रुळावर येतं, जवळची तळी आणि राजवाडे बघून होतात, आणि मग म्युनिकमधल्या मराठी घरांमध्ये हमखास एक चर्चा सुरू होते. चार दिवस सुट्टी काढली तर त्यांना कुठे नेऊ या? पॅरिस, रोम म्हणजे पुन्हा विमानतळ आणि पुन्हा रांगा. रेल्वेने, डबा सोबत घेऊन, मुक्कामाला जायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी प्राग आणि व्हिएन्ना या दोन नावांवर येऊन थांबते.

मी दोन्ही केलं आहे. एका वर्षी मेअखेर माझ्या आई-बाबांना प्रागला नेलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये सासू-सासरे आणि नणंदेचा नऊ वर्षांचा मुलगा यांना व्हिएन्नाला नेलं. आईचे गुडघे दुखरे, बाबा सत्तरीतही सांगलीच्या आमराईत रोज फेऱ्या मारणारे. सासूबाईंना अंडंही चालत नाही, सासऱ्यांना इतिहासाचं वेड.

माझं मत आधीच सांगते. सोबतच्यांपैकी एकाचेही गुडघे कुरकुरत असतील किंवा लहान मूल असेल तर व्हिएन्ना. सगळे मनापासून चालणारे असतील आणि जुन्या गावाच्या गल्ल्यांमध्ये रमणारे असतील तर प्राग, आणि तशा माणसांना प्राग जे देतं ते व्हिएन्नाला देता येणार नाही. फोटो बघून मात्र ठरवू नका. फोटोत प्रागच सरस दिसतं, कारण फोटोत चढ दिसत नाही.

पायांचा हिशेब

प्रागचं जुनं गाव दगडी फरसबंदीचं आहे. लहान लहान चौकोनी दगड, मध्ये फटी, पाऊस पडला की निसरडे. चप्पल किंवा पातळ तळव्याचे बूट घातले तर संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून येतात. आणि प्रागचा किल्ला टेकडीवर आहे.

माझी चूक इथेच झाली. चार्ल्स पूल ओलांडून पलीकडे गेलो, समोर नेरुदोवा नावाची सुंदर गल्ली वर चढत होती, आणि मी सगळ्यांना चालत वर नेलं. आई काही बोलली नाही. किल्ला बघितला, चर्च बघितलं, खालीही चालत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला होता. "तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच," असं म्हणून तिने खोलीच्या खिडकीशी खुर्ची ओढून घेतली. हजारो किलोमीटर लांबून आलेली माझी आई प्रागमधला एक अख्खा दिवस खिडकीत बसून होती. ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तेव्हापासून मी कुठलंही शहर याच मापाने मोजते: इथे त्यांच्यावर "तुम्ही जाऊन या" म्हणायची वेळ किती वेळा येईल?

नंतर कळलं की 22 नंबरची ट्राम टेकडीवरच नेऊन सोडते. "प्राझ्स्की ह्राद" या थांब्यावर उतरलं की जवळजवळ सपाट रस्त्याने किल्ल्यात शिरता येतं. प्रागला जाणार असाल तर ही एवढी एक गोष्ट लिहून ठेवा. खाली येतानाही ट्रामनेच या, कारण दुखऱ्या गुडघ्याला उतार चढापेक्षा जड जातो. गावातल्या जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, त्यामुळे वरून लाल कौलांचं शहर बघण्याची हौस तिथे भागते. मेट्रो मी शक्यतो टाळेन. काही स्थानकं फार खोल आहेत. नामेस्ती मीरू या स्थानकाचा सरकता जिना तर 87 मीटर लांबीचा आहे. साडी नेसलेल्या आईला त्यावर पाऊल टाकताना धडकी भरली होती. शिवाय सगळ्या स्थानकांना लिफ्ट नाही.

व्हिएन्नाचा मध्यभाग बराचसा सपाट आहे. मेट्रोच्या सगळ्या स्थानकांना लिफ्ट आहे, आणि नव्या ट्राममध्ये पायरी न चढता आत जाता येतं. जुन्या तटबंदीच्या जागी फ्रान्झ योझेफ बादशहाच्या 1857 सालच्या हुकमावरून जो गोल रस्ता बांधला गेला, त्या रिंगरस्त्यावर 1 आणि 2 नंबरच्या ट्राम धावतात. मध्ये एकदा ट्राम बदलली की बसल्या जागी ऑपेरा, संसद, टाउन हॉल, नाट्यगृह, विद्यापीठ असं सगळं खिडकीतून सरकत जातं. पहिल्या दिवशी आम्ही एवढंच केलं. सासूबाई एकदाही "तुम्ही जाऊन या" म्हणाल्या नाहीत.

व्हिएन्नाची अंतरं मात्र मोठी आहेत. प्रागमध्ये घड्याळ, पूल, ज्यू वस्ती सगळं हाकेच्या अंतरावर. व्हिएन्नात प्रत्येक ठिकाणी वाहनाने जावं लागतं. म्हणून तिथे ट्राम-मेट्रोच्या पासावर कंजुषी करू नका.

काय बघायला मिळतं

बाबांना प्रागमध्ये सगळ्यांत आवडलं ते 1410 सालचं खगोलीय घड्याळ. सकाळी नऊपासून दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती फिरतात, ते बघायला खाली तोबा गर्दी होते. (पाकिटं सांभाळा, सगळ्यांच्या माना वर असतात.) ते मिनिटभरात संपतं आणि लोक पांगतात. बाबा थांबले. त्यांनी राशीचक्र ओळखलं होतं. सूर्य कुठल्या राशीत आहे ते काटा दाखवतो, चंद्राची कलाही दिसते. मे संपत आला होता आणि काटा मिथुनेवर होता. "आपल्या पंचांगात तर आत्ता वृषभ!" मग आम्ही बाकावर बसून त्याचा उलगडा केला: ते लोक सायन राशी धरतात, म्हणजे वसंतसंपातापासून मोजतात, आपण निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून, आणि दोन्हींत साधारण 24 अंशांचा फरक. खालच्या तबकडीवर बारा महिन्यांची शेतीची कामं रंगवली आहेत. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तिथे अर्धा तास कमी पडतो.

चार्ल्स पुलाची गोष्टही आपल्या माणसांना लगेच भिडते. चौथ्या चार्ल्स राजाने पायाचा दगड मुहूर्त काढून बसवला असं सांगतात: साल 1357, तारीख 9, सातवा महिना, वेळ 5 वाजून 31 मिनिटं. आकडे ओळीने लिहिले की 1, 3, 5, 7, 9 असे चढतात आणि तसेच उतरतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पुलाच्या कठड्याला हात लावून नमस्कार केला. पूल 516 मीटर लांब आहे, वाहनं नाहीत, दोन्ही बाजूंना 30 पुतळे. सकाळी सातच्या आत जा. दहानंतर वयस्क माणसांना तिथे धड उभंही राहता येत नाही.

आणखी एक गंमत वेन्स्लास चौकात आहे. तिथे बाटाचं 1929 सालचं, सगळ्या दर्शनी भागाला काचा असलेलं दुकान आहे. शाळेचे काळे बूट आणि पीटीचे पांढरे कॅनव्हास ज्या बाटाचे घेतले, ती कंपनी मूळची इथली, झ्लीन गावात 1894 साली सुरू झालेली, हे आई-बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना ती आपलीच वाटत होती.

व्हिएन्नात असा एकेक दगड बोलत नाही. तिथे सगळं राजेशाही आणि ऐसपैस आहे. शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या आहेत, त्यांतल्या मोजक्याच दाखवतात, आणि ते बरंच आहे. सहा वर्षांच्या मोत्सार्टने 1762 साली मारिया तेरेसा राणीपुढे इथेच वादन केलं होतं. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, म्हणून ते आधी काढून ठेवा. बागेत फिरायला मात्र तिकीट नाही. टेकडीवरच्या ग्लोरिएट नावाच्या कमानीच्या वास्तूपर्यंत हंगामात छोटी पर्यटक-गाडी जाते, तिने जा. त्याच आवारात 1752 साली सुरू झालेलं, आजही चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं प्राणिसंग्रहालय आहे. भाच्याला राजवाड्यात अर्ध्या तासात कंटाळा आला होता, प्राणिसंग्रहालयातून त्याला ओढून काढावं लागलं. प्राटर बागेतला 1897 सालचा मोठा पाळणा हाही मुलांसाठी हुकमी. मोठी सरकारी संग्रहालयं 19 वर्षांखालच्यांना मोफत आहेत, त्यामुळे कंटाळलेल्या मुलाला तासाभरात बाहेर आणताना पैसे गेल्याची हळहळ वाटत नाही. स्टेफान कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत, उत्तरेकडच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. उत्तरेकडे वळा.

सासऱ्यांचं व्हिएन्ना वेगळंच होतं. सुभाषबाबू 1933 साली उपचारांसाठी इथे आले, विठ्ठलभाई पटेलांसोबतचं गांधीजींच्या धोरणावर टीका करणारं निवेदन त्यांनी इथूनच काढलं, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या एमिली शेंकल त्यांना इथेच भेटल्या आणि 1942 साली दोघांची मुलगी अनिता इथेच जन्मली. हे सगळं सासऱ्यांनी नातवाला ट्राममध्ये सांगितलं. कुठल्याही मार्गदर्शकाने ते तसं सांगितलं नसतं.

खाणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सहलीचा मूड जेवणावर ठरतो आणि तो बिघडला तरी ज्येष्ठ मंडळी बोलून दाखवत नाहीत.

"शाकाहारी" म्हटलं की दोन्हीकडे अंडं त्यात धरलेलंच असतं. प्रागचं तळलेलं चीज आपल्या लोकांना आवडतं, पण ते अंड्यात बुडवून तळतात. क्नेड्लिक नावाच्या गोळ्यांतही बहुधा अंडं असतं. व्हिएन्नाचा प्रसिद्ध झाखरटोर्टं हा चॉकलेट केक आणि काइझरश्मार्न हा गोड पॅनकेक, हे दोन्ही अंड्यांवरच उभे. सफरचंदाच्या श्ट्रुडलचं आवरण बरेचदा बिनअंड्याचं असतं, तरी विचारून घ्या. प्रागमध्ये वजनावर जेवण देणारी भारतीय धाटणीची शाकाहारी भोजनालयं आहेत. ताटात वरण, भात, भाजी दिसली की आईचा चेहरा उजळायचा. व्हिएन्नात नाशमार्क्ट या बाजाराजवळ फलाफेल, हुमूस आणि फळं भरपूर.

तरीही माझा आग्रह स्वयंपाकघर असलेल्या घराचाच राहील. छोटा कुकर, तांदूळ, तूरडाळ, गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी एवढं नेलं की रात्रीचं जेवण निर्वेध होतं. तिथली शेगडी बहुधा इंडक्शनची असते, कुकर त्यावर चालेल असाच न्या. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली तेवढी उघडी. दूध-दही शनिवारीच भरून ठेवा. प्रागमध्ये ही अडचण नाही.

बसायच्या जागांच्या बाबतीत व्हिएन्ना निर्विवाद पुढे आहे. कॉफीहाउसात एका कपावर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही, आणि कॉफीसोबत पाण्याचा ग्लास न मागता येतो. ते पाणी आल्प्समधून येतं. पहिली जलवाहिनी 1873 सालची. रस्त्यांवरही पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाहेर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपल्या आया दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे लक्षात ठेवा. स्वच्छतागृहासाठी खिशात सुटी नाणी ठेवा आणि दर दोन तासांनी, त्यांनी न विचारता, आपणच थांबा.

पैसे आणि कागदपत्रं

राहणं-खाणं प्रागमध्ये साधारणपणे स्वस्त पडतं. पण तिथे युरो नाही, कोरुना आहे. बाबांनी हौसेने एका काउंटरवर शंभर युरो बदलले आणि हातात फारच कमी रक्कम आली. ते दिवसभर गप्प होते. 2019 पासून तिथे कायदा आहे की असा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. आम्हाला ते रात्री कळलं. कार्ड वापरा, आणि यंत्राने युरो की कोरुना असं विचारलं तर कोरुनाच निवडा.

जर्मनीने दिलेला शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो. मूळ पासपोर्ट आणि विम्याचे कागद मात्र सोबत हवेतच, कारण जर्मनीत परतताना गाडीत तपासणी होऊ शकते. म्युनिकहून व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तास, प्राग सहाच्या आसपास. दशम्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या दोन्ही प्रवासांना पुरतात.

दोन्ही करता येईल का?

चार-पाच दिवसांत नाही. प्राग ते व्हिएन्ना गाडी चारच तास घेते हे खरं, पण सामान बांधणं, घर सोडणं, नवं घर शोधणं यात ज्येष्ठांचा अख्खा दिवस जातो. किमान आठ दिवस असतील तर म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, म्युनिक असा फेरा करा. चालायचं शहर आधी, पाय ताजे असताना. बसायचं शहर नंतर. परतीच्या गाडीत जागा राखून ठेवा आणि आईला डाव्या हाताची खिडकी द्या. साल्झबुर्ग सुटलं की आल्प्स त्याच बाजूला दिसत राहतात.