सिंगल क्रिस्टल, पावडर की मायक्रोईडी: छोट्या मॉलिक्यूलचं स्ट्रक्चर कशावर काढायचं?

एनएमआर झालं, मास स्पेक्ट्रम झाला, आता गाईडना क्रिस्टल स्ट्रक्चर पाहिजे, की सगळे आधी मशीन कुठे मिळेल ते बघत बसतात. माझ्या मते आधी क्रिस्टल बघा, मशीन त्यावरून ठरतं.

०.१ ते ०.३ मिमीचा एक चांगला दाणा हाताशी असेल तर सिंगल क्रिस्टल एक्सआरडीला (एक्स-रे डिफ्रॅक्शनला) तोड नाही, १०० केल्विनला डेटा घेऊन शेलएक्स या सॉफ्टवेअरमध्ये रिफाइन केलं की आर फॅक्टर (मॉडेल आणि डेटा यांतला फरक, जितका कमी तितका चांगला) सहसा ५ टक्क्यांच्या आत येतो. फक्त दाणा मशीनवर लावायच्या बारीक लूपवर उचलायच्या आधी तेलाच्या थेंबात ठेवून पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली फिरवा, दर ९० अंशांनी तो अख्खा एकदम काळा व्हायला हवा, अर्धा काळा अर्धा चमकता दिसला तर बहुतेक ट्विन, म्हणजे दोन क्रिस्टल एकमेकांत वाढलेले आहेत, दुसरा शोधा. आणि मॉलिक्यूल कायरल (डावा-उजवा असे दोन प्रकार असणारा) असून त्यात नुसते कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन असतील तर एक्स-रेचा कॉपर सोर्सच मागा, मॉलिब्डेनमवर फ्लॅक पॅरामीटरची (डावा की उजवा ते सांगणाऱ्या आकड्याची) एरर एवढी येते की आर का एस काहीच सांगता येत नाही. ब्रोमीन असेल तर मॉलिब्डेनमही चालतं.

पावडरवरून स्ट्रक्चर निघतं, नाही असं नाही, पण पीक एकमेकांवर चढलेले असतात आणि फिरणारे बॉन्ड जास्त असले की डोकं पिकतं. शिवाय रीटवेल्ड फिट (मॉडेलवरून काढलेला पॅटर्न मोजलेल्या पॅटर्नवर बसवणं) देखणं आलं म्हणजे स्ट्रक्चर बरोबरच असं कुणी सांगितलं? तरी पावडर पॅटर्न घ्याच, कारण उचललेला एक दाणा म्हणजे बाटलीतला सगळा माल नव्हे. साधं पॅरासिटामॉल घ्या, मॉलिक्यूल तोच पण क्रिस्टल वेगवेगळे: फॉर्म १ मोनोक्लिनिक, फॉर्म २ ऑर्थोऱ्हॉम्बिक. (पावडर पॅटर्न सिंगल क्रिस्टलवरून काढलेल्या पॅटर्नशी जुळवताना पीक जरा सरकलेले दिसले तर लगेच घाबरू नका, एक डेटा १०० केल्विनचा, दुसरा रूम टेंपरेचरचा.)

दाणे मायक्रॉनपेक्षाही बारीक असतील तर मायक्रोईडी, म्हणजे एक्स-रेऐवजी इलेक्ट्रॉनने केलेलं डिफ्रॅक्शन. २०१८ मध्ये सर्दीच्या औषधाच्या पावडरीतून थेट पॅरासिटामॉलचं स्ट्रक्चर काढून दाखवलं होतं. पण इलेक्ट्रॉन क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा स्कॅटर होतात, म्हणून आर फॅक्टर १५-२० टक्के आला तरी चालवून घेतात, कायरॅलिटीसाठी डायनॅमिकल रिफाइनमेंट (हे पुन्हा पुन्हा स्कॅटर होणं हिशेबात धरणारं) लागतं, आणि सॉल्व्हेट (क्रिस्टलमध्ये सॉल्व्हेंट अडकलेला) असेल तर व्हॅक्यूममध्ये सॉल्व्हेंट उडू नये म्हणून आधीच गार करावं लागतं.

म्हणून आधी चांगला क्रिस्टल वाढवायला बघा: तुमच्या सोल्यूशनची छोटी व्हायल मोठीत ठेवून बाहेर हेक्सेन ओता, झाकण लावा आणि रोज उघडून बघू नका. ती व्हायल बसलेली असताना मायक्रोईडीवाल्यांना मेल टाकून ठेवायला हरकत नाही.