बारा नंबरची खाऱ्या पाण्याची फ्लाय रील: एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यावर

मोठ्या माशांसाठी फ्लाय रील (फ्लाय म्हणजे पिसा-धाग्यांचं नकली आमिष, आणि रील म्हणजे त्याची लाइन गुंडाळायची चकरी) बघायला लागलं की पहिला प्रश्न येतो, ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हाचा रीलचा ब्रेक, किती किलोचा? विकणारे तोच आकडा पुढे करतात, व्हिडिओवाले तोच ओरडून सांगतात. गेल्या हिवाळ्यापासून रील हातात आहे, मधला अख्खा पावसाळा तिने माझ्या कपाटात काढलाय, आणि माझं मत असं झालंय की मुंबईत राहणाऱ्याने हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. मोठा मासा रीलवर येतो तो वर्षातून काही मिनिटं. खारी हवा बाराही महिने असते.

रील १२ नंबरच्या रॉडसाठी घेतलेली (नंबर जेवढा मोठा तेवढा रॉड ताकदीचा). अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली, अॅनोडाइज केलेली, लार्ज आर्बर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या स्पूलचा मधला भाग जाड, आत सील्ड कार्बन ड्रॅग. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मासा पळाला की हँडलही उलटं गरागरा फिरतं आणि बोटं वेळेवर काढली नाहीत तर चांगली सडकून निघतात. कंपनीचं नाव टाकत नाही. नाव आलं की सगळी चर्चा तिथेच अडकते, आणि पुढे थोड्या तक्रारीही आहेत. या वर्गातल्या रीली साधारण सातशे ते हजार डॉलरच्या आसपास असतात, वर कुरिअर आणि कस्टम वेगळं. मांडव्याहून आम्हाला नेहमी नेणाऱ्या नाखवांनी पहिल्याच दिवशी किंमत विचारली, मी जरा कमी करून सांगितली, तरी ते म्हणाले, "एवढ्यात माझं इंजिन नवंकोरं झालं असतं!"

तुलनेला सोय चांगली होती. माझ्या मित्राकडे त्याच आकाराची, पण कॉर्क ड्रॅगची रील आहे, आणि आम्ही बहुतेक वेळा एकाच होडीत असतो. कॉर्क ड्रॅग म्हणजे कॉर्कची मोठी चकती धातूवर दाबून रोध तयार करायचा. टिबोर कंपनीच्या आणि जुन्या एबल रीली याच पद्धतीच्या. फ्लोरिडातल्या टार्पनवाल्यांनी वर्षानुवर्षं यांच्यावरच मोठे मासे थकवलेत, त्यामुळे हे तंत्र जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. हॅच, नॉटिलस वगैरे सील्ड घराण्यातल्या, म्हणजे घर्षणाचा सगळा कारभार बंद डब्यात, पाणी आणि वाळू बाहेर. गंमत म्हणजे नॉटिलसच्या ड्रॅगमध्ये कार्बनसोबत कॉर्कही असतं, फक्त ते झाकलेलं.

ड्रॅगच्या आकड्याचं काय करायचं ते मी घरीच बघितलं. लाइनच्या टोकाला सामान तोलायचा डिजिटल काटा बांधला, तो गॅलरीच्या ग्रिलला अडकवला आणि रॉड हातात धरून मागे सरकत गेलो. काट्यावर तीन किलो दिसताना १२ नंबरचा रॉड असा वाकतो की कोपर कमरेला टेकवल्याशिवाय उभं राहता येत नाही. पाच किलोवर मी फार वेळ टिकलो नाही. त्यामुळे खोक्यावर दहा-बारा किलो छापलं असेल तर छापू दे. साधा हिशोब असा की टिपेटच्या (फ्लायजवळचा सगळ्यात कमजोर दोरा) ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढाच ड्रॅग लावतात. आयजीएफए या मासेमारीचे विक्रम नोंदणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमातला सगळ्यात जाड टिपेट २० पौंडांचा, म्हणजे नऊ किलोच्या आसपास, त्यावर सव्वादोन ते तीन किलो पुरे. जीटीसाठी (जायंट ट्रेव्हली, रीफवरचा दांडगा मासा) नियमबियम बाजूला ठेवून लोक शंभर पौंडांचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला दोरा, लावतात. तिथेही फ्लाय लाइनचा गाभा तेवढ्या ताकदीचा आहे ना हे आधी बघावं, कारण साध्या लाइनचा गाभा तीस पौंडांच्या आसपासच तुटतो.

याच काट्यावर दुसरी गोष्ट दिसली, ती जास्त कामाची. ड्रॅगला हात न लावता स्पूलवरचा माल जसजसा कमी होतो तसतशी ओढ वाढत जाते. माझ्या स्पूलवर भरलेल्या अवस्थेत मध्यापासून लाइनपर्यंत साडेपाच सेंटीमीटर अंतर आहे. बॅकिंग (फ्लाय लाइनच्या मागे भरलेला राखीव दोरा) बरंच निघून गेलं की ते पावणेचारच्या खाली येतं. म्हणजे सुरुवातीला तीन किलो लावलेला ड्रॅग तिथे साडेचारच्या जवळ जातो, शिवाय पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लाइनचा भार वेगळा. मासा लांब पळाला की घाबरून ड्रॅग आवळणारे टिपेट तोडून बसतात ते यामुळे. तिथे उलट थोडा सैल करायचा असतो. लार्ज आर्बरचा खरा फायदाही इथेच, कारण आर्बर जेवढा मोठा तेवढा हा फरक कमी. आणि गुंडाळायला सोपं. भरलेल्या स्पूलवर एका फेऱ्यात ३४ सेंटीमीटर लाइन येते, रिकाम्या होत आलेल्या स्पूलवर २३. शंभर मीटर परत घ्यायचे तर हा फरक सुमारे दीडशे फेऱ्यांचा पडतो, तोही खांदा भरून आलेला असताना.

आता पाण्यातलं. मुंबईच्या आसपास फ्लायवर मोठा मासा हे प्रकरण अवघडच, कारण पाणी गढूळ. उधाणाच्या दिवसांत बंदराकडे काही दिसत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, हिवाळा सरताना, खांदेरीच्या बाजूला पाणी जरा निवळतं तेव्हाच बारीक आशा. क्वीनफिश लागले, त्यांनी रील छान पळवली, पण खरं सांगायचं तर त्यांना ९ नंबरची रीलही पुरली असती. खाडीतला जिताडा तर ड्रॅगची परीक्षा घेतच नाही, तो खडक नाहीतर खुंट शोधतो आणि तिथे हाताने लाइन धरून त्याला वळवावं लागतं.

रीलची खरी परीक्षा अंदमानात झाली. जीटीने फ्लाय घेतली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत पायाशी पडलेली लाइन रॉडवरच्या कड्यांमधून निघून जाते, आणि ती संपून रील फिरायला लागते त्या क्षणाचा झटका महत्त्वाचा. वाईट ड्रॅग आधी अडतो आणि मग सुटतो. माझी अडली नाही, मित्राचीही नाही. त्या बाबतीत दोघींत मला काही फरक जाणवला नाही. जीटी रीफकडे धावतो, त्याला चाळीस-पन्नास मीटरांत थांबवलं नाही तर प्रवाळावर लाइन कापलीच म्हणून समजा. म्हणजे त्याच्यासाठी तीनशे यार्ड बॅकिंगचा काही उपयोग नाही, ड्रॅग आणि तळहात हवा. स्पूलची उघडी कड तळव्याने दाबता येते हे मला ड्रॅगच्या नॉबपेक्षा जास्त उपयोगी पडलं. सेलफिश किंवा लक्षद्वीपकडचा पिवळ्या पराचा कुपा डोक्यात असेल तर गणित उलटं होतं, तिथे बॅकिंग भरपूर हवं. मी ६५ पौंडांचं जेल-स्पन, म्हणजे बारीक पण मजबूत विणलेला दोरा, भरलंय. बारीक असल्याने स्पूलवर खूप मावतं, पण भरताना करकचून ताणून भरावं लागतं, नाहीतर जोर आला की वरचे वेढे खालच्यात रुततात. आणि सुटताना बोट मध्ये आलं तर मांजासारखं कापतं.

तक्रार पहिली, नॉब. शून्यापासून पूर्ण ड्रॅगपर्यंत जेमतेम एक फेरा आहे. ऐकायला सोयीचं वाटतं, पण ओल्या बोटांनी जरा जास्त फिरला की तीनाचे पाच किलो होतात. मी नेलपॉलिशने तीन किलोची खूण करून ठेवली आहे. मित्राच्या नॉबला भरपूर फेरे लागतात, तिथे चूक झाली तरी छोटी होते.

दुसरी तक्रार पावसाळ्यात कळली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत आमचंही सगळं सामान घरात. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जुलैत रील काढून बघतो तर फूटच्या (रॉडवर बसणारा रीलचा पाय) स्क्रूभोवती पांढरी भुकटी. स्टीलचा स्क्रू, अॅल्युमिनियमची बॉडी, मध्ये ओलसर मीठ: दोन धातूंची ही जोडी अॅल्युमिनियमला खातेच. स्क्रू काढला, जुन्या टूथब्रशने घासलं, सुकवलं, थोडं मरीन ग्रीस लावून परत बसवला. होडीच्या कडेला घासून रिमवरचं अॅनोडायझिंग जिथे उडालं होतं तिथेही बारीक खड्डे पडायला लागलेत. एवढ्या पैशांत कारखान्यातून तो स्क्रू ग्रीस लावून यायला हरकत नव्हती.

सील्ड ड्रॅगला मात्र पावसाळ्यात काहीही झालं नाही. पहिल्या दिवशीसारखाच फिरतो. पण सीलच्या जवळ एकदा किंचित खरखर वाटली म्हणून मी कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की डबा उघडू नका, रील आमच्याकडे पाठवा. जाताना कुरिअर, येताना कस्टमवाल्यांना हा नवा माल नाही हे पटवून देणं. मी पाठवली नाही. बाहेरच्या बेअरिंगमध्ये वाळूचा कण होता, धुतल्यावर गेला. मित्राच्या कॉर्कला दर काही ट्रिपनंतर कंपनीचं खास ग्रीस लावावं लागतं, ड्रॅग सैल करून ठेवावा लागतो नाहीतर कॉर्क दबून बसतं. पण काही बिघडलं तर तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून स्वतः सगळं खोलतो.

त्यामुळे सील्ड की कॉर्क याचं उत्तर माणसावर आहे. मांडव्याची शेवटची बोट पकडून रात्री घरी येणारा आणि पिशवी कोपऱ्यात टाकून झोपणारा असेल तर त्याने सील्डच घ्यावी. मी त्यातला. आणि त्यातही ड्रॅगचा डबा स्वतः बदलता येईल अशी मिळत असेल तर माझ्या रीलपेक्षा ती घ्या.

धुण्याबद्दल एवढंच. नळाची धार जोरात सोडू नका, दाबाने खारं पाणी सीलच्या आत ढकललं जातं. तांब्याने गोडं पाणी ओता, स्पूल वेगळा काढा, पंख्याखाली ठेवा, निओप्रीनच्या पाउचमध्ये सुकल्याशिवाय घालू नका. बॅकिंग ओलं झालं असेल तर तेवढं सगळं बादलीत उतरवून धुवा. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात, पण मीठ तिथेच साठतं आणि स्पूलला तळातून खातं.

फक्त मुंबई-अलिबागच्या पाण्यात खेळायचं असेल तर १२ नंबरच्या फंदात पडू नका. ९ किंवा १० नंबरची रील, दोनशे यार्ड बॅकिंग, झालं काम. दिवसभर कास्ट करताना मनगटाला वजनाचा फरक जाणवतो. अंदमान वर्षा-दोन वर्षांतून एकदा जमणार असेल तर तिथे रॉड-रील भाड्याने मिळते का हे बुकिंग करताना विचारा. वाचलेल्या पैशांत एक चांगली लाइन आणि एक जादा स्पूल येतो.