काच, चिनी माती आणि प्लास्टिक: दिवाळी ते दिवाळी वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीत झाकणाचे काचेचे डबे आणि चिनी मातीचे बाउल घेतले. जुने पॉलिप्रॉपिलीनचे डबे (तळाशी त्रिकोणात ५ लिहिलेलं असतं ते) टाकले नाहीत. तिन्ही रोज वापरात आहेत.

नाशिकच्या घरात भांड्याची परीक्षा घ्यायला मिसळीचा उरलेला रस्सा पुरतो. काळा मसाला, हळद आणि वर तर्रीचा जाड थर. प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर राहिला की डबा पिवळा झालाच म्हणून समजा. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि तेल प्लास्टिकला चिकटून बसतं. कितीही घासा, उपयोग नाही. त्यापेक्षा धुऊन गॅलरीत उताणा ठेवा. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, एप्रिलच्या उन्हात डाग बराच फिका होतो. वास मात्र जात नाही.

तोच रस्सा त्याच डब्यात मायक्रोवेव्हला लावत असाल तर तर्रीच्या रेषेवर आतून नख फिरवून बघा. आमच्या जुन्या डब्याला तिथे खरखरीत कडं पडलंय. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळून थांबतं, तेल त्याच्या पुढे जातं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. त्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेलं असलं तरी माझ्या मते ते भात-वरणापुरतं.

काचेला हा त्रासच नाही. साबणाचा एक हात फिरवला की रस्सा होता की खीर, कळत नाही. पण घेताना ‘बोरोसिलिकेट’ हा शब्द बघून घ्या. साध्या काचेच्या तुलनेत ही काच तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून तडकायची भीती कमी. जर्मनीच्या ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बनवली, प्रयोगशाळेतली चंचुपात्रं आजही हिचीच असतात. तरी फ्रीजमधून काढलेला डबा मी थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालत नाही. डिसेंबरात इथला पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा गार डब्यात उकळती आमटी ओतायचीही घाई करत नाही.

काचेची तक्रार दोनच. एक, वजन. अहो अंबडला कंपनीत डबा नेतात; दोन काचेचे डबे बॅगेत घातले की ‘आज काय विटा भरल्यास का?’ ठरलेलं. बोरोसिलिकेटची घनता २.२ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची ०.९, म्हणजे ते पाण्यावर तरंगतं. शेवटी त्यांच्या बॅगेत स्टीलचा डबा परत आला. दुसरी तक्रार झाकणाची. डबा काचेचा, झाकण प्लास्टिकचंच, आणि त्यातली सिलिकॉनची रिंग लसणाचा वास धरते. रिंग सुरीच्या बोथट टोकाने काढून वेगळी धुवावी लागते, खाचेत काळपट बुरशी सापडते. भांडी घासणाऱ्या मावशींकडून ही अपेक्षा ठेवू नका, ते आपलं काम.

चिनी मातीबद्दल आधी एक खुलासा. भांडी बाजारात चिनी माती म्हणून दाखवतात त्यातली बरीच पांढरी भांडी ओपल काचेची असतात. वाईट नसतात, हलकी असतात, पण काचच. ओळखायचं तर भांडं पालथं करा. चिनी मातीच्या बुडाला सहसा झिलई नसलेलं खरखरीत वर्तुळ लागतं, कारण भट्टीत ते चिकटू नये म्हणून तेवढ्या जागेची झिलई पुसतात. ओपल सगळीकडून गुळगुळीत. खरी पोर्सलेन केओलिन माती १,३०० अंशांच्या आसपास भाजून बनते, त्यामुळे अंगात पाणी मुरत नाही. दही-कढी, चिंचेचं सार यांना मी हेच बाउल काढते. आंबटाचा झिलईवर काही परिणाम दिसला नाही. मायक्रोवेव्हलाही चालतात, फक्त सोनेरी काठाचे नकोत, ठिणग्या उडतात. कपचा मात्र फार लवकर उडतो. नळाला नुसता काठ लागला तरी पुरे. कपचा उडालेलं भांडं मी जेवणातून बाद करते, उघड्या कडेत घाण अडकते आणि ओठालाही लागते.

प्लास्टिक हद्दपार नाही झालं. चिवडा, रवा, पोहे, मुलांचा खाऊ, प्रवास, सगळं त्यातच. पडलं तरी चिंता नाही.

नवीन घेणाऱ्यांनी काचेचा डबा घेताना दुकानदाराला झाकण सुटं मिळतं का तेवढं विचारा. माझ्या एका झाकणाचा कान तुटलाय, डबा ठणठणीत आहे आणि त्या मापाचं झाकण कुठेच मिळत नाही.